असॅसिन्स क्रीड ओडिसी : कसांड्रासोबतचे आठ महिने

आठ महिन्यांत सुमारे १४० तास देऊन मी ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ या व्हिडिओ गेमची मुख्य कथा पूर्ण केली, आणि तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत कसांड्रा म्हणून. या खेळाची मुख्य कथा इ. स. पूर्व ४३१ च्या ग्रीसमध्ये घडते, आणि सुरुवातीलाच कसांड्रा आणि अलेक्सिओस या भाडोत्री योद्धा भावंडांपैकी एकाला निवडावे लागते. ती निवड पुढे बदलता येत नाही.

माझ्या धाकट्या भावाने त्याच कन्सोलवर अलेक्सिओस घेतला होता, त्यामुळे बरेचसे प्रसंग मला दोनदा पाहता आले. संवाद जवळजवळ तेच आहेत. पण मेलिसांथी माहूत यांच्या आवाजात मोबदल्याची घासाघीस जितकी खुलते, तितकीच आईची भेट काळजाला भिडते. संहिता पुरुषासाठीही तीच असल्याने कसांड्राच्या वाट्याला कमी काहीच येत नाही. २००७ पासून चालत आलेल्या या मालिकेत हे सहज घडलेले नाही. पहिली नायिका, अव्हेलिन, २०१२ मध्ये आली ती हातात धरायच्या छोट्या कन्सोलवर. आणि २०१४ मध्ये तर खेळाडूला निवडता येतील अशी स्त्री-पात्रे घेतली तर हालचाली आणि आवाजांचे काम दुप्पट होईल, असे कारण निर्मात्यांनीच दिले होते.

या समान संहितेत एक उणीव मात्र मला सतत जाणवली. ऑलिंपियाच्या क्रीडास्पर्धांत स्त्रियांना उतरता येत नसे. स्पार्टाची किनिस्का इ. स. पूर्व ३९६ मध्ये विजेती ठरली, तीदेखील रथाच्या घोड्यांची मालकीण म्हणून. कसांड्रा मात्र तिथे फारशी अडवणूक न होता कुस्ती-मुष्टियुद्धाच्या आखाड्यात उतरते. तिला झगडून आत शिरताना पाहायला मला अधिक आवडले असते.

खेळाच्या वेष्टनावर अलेक्सिओस आहे. कसांड्रा एकटीच नायिका असावी असे लेखकांच्या मनात होते, परंतु स्त्री नायिका असलेला खेळ विकला जात नाही या समजुतीपुढे ते टिकले नाही, असे वृत्त ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने २०२० मध्ये दिले. तिच्यासोबत एवढे महिने काढल्यावर ते वाचताना मला मनापासून वाईट वाटले.

सर्वांत जास्त दुखावले ते जानेवारी २०१९ मध्ये खेळाला नंतर जोडलेल्या वाढीव प्रकरणाने. कुणावर प्रेम करायचे हे खेळाडूने ठरवावे, असे सांगणाऱ्या या खेळात मी त्या प्रकरणातल्या नाताकास या तरुणाला स्पष्ट नकार दिला होता. तरीही वंश पुढे चालावा म्हणून कसांड्राच्या पदरी त्याचे मूल आलेच. अलेक्सिओसच्या वाट्यालाही अशीच सक्ती आहे, पण जिची गर्भावस्थाच न विचारता ठरवली जाते, तिच्या बाबतीत ती मला अधिक बोचली. निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त करून पुढे काही बदल केले. मूल मात्र कथेत राहिलेच.

खेळ मी निःशंकपणे सुचवीन. दुसऱ्या फेरीसाठीही मी कसांड्राच निवडली आहे. ते प्रकरण मात्र सुरू केलेले नाही.