बुरशीच्या पायाचं टेबल, अकरा महिने वापरल्यावर

आमच्या कोचाशेजारी एक बुटकं टेबल आहे. वर सागवानाची गोल फळी, व्यास बरोबर 50 सेंटिमीटर, आणि खाली ढोलासारखा जाड पाया. पाया बुरशीचा आहे असं सांगितलं की पाहुणे आधी हसतात, मग वाकून त्याला नख लावून बघतात. गेले अकरा महिने हे चाललंय. बनवणारा डिझायनर एकटाच काम करतो, प्रत्येक नगाचा साचा स्वतः भरतो. त्याचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं गाऱ्हाणंही आहे.

पाया होतो कसा, हे सगळेच विचारतात म्हणून आधी तेच. तूस, भुसा असलं टाकाऊ वाफवून निर्जंतुक करतात, त्यात बुरशीचं बियाणं मिसळतात आणि साच्यात दाबून भरतात. साधारण आठवड्याभरात पांढरे तंतू, म्हणजे मायसेलियम, भुशाच्या कणाकणातून फिरतात आणि सगळं मिळून एक ठोकळा होतो. मग तो गरम करून वाळवला की बुरशी मरते आणि वाढ थांबते. वर जी साय धरते ती हाताला साबराच्या मऊ कातड्यासारखी लागते. रंग मात्र एकसारखा नाही. आमच्या पायावर एका बाजूला चहाच्या डागासारखी तपकिरी लाट आहे. मला ती आवडते, घरातल्या बाकीच्यांना ती अजून डागच वाटते.

पहिले आठ-दहा दिवस ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा, तो आपोआप गेला. पाया दिसतो दणकट, पण एका हाताने उचलता येईल इतका हलका आहे. आणि एक गोष्ट मी अपेक्षिली नव्हती: या टेबलाला आवाज नाही. फळीवर पेला टेकवला की ‘टक्’ होत नाही, ‘थप’ होतं. खालचा ठोकळा आवाज पिऊन टाकतो. रात्री उशिरा काम करणाऱ्याला याची किंमत कळेल.

पाण्याशी याचं जमत नाही. हे मला सांगितलं होतं, पण फरशी पुसताना कोण लक्षात ठेवतं? दोन महिन्यांत खालच्या काठाला बोटभर रुंद करडा पट्टा उमटला आणि एका सकाळी त्यावर हिरवट लव दिसली. टेबलाला कोंब फुटले की काय, अशी माझी पहिली समजूत! तसं काही नव्हतं. पायातली बुरशी मेलेलीच होती. ओल धरून राहिली म्हणून बाहेरची साधी बुरशी येऊन बसली होती, जशी ती चामड्याच्या चपलेवर बसते. कोरड्या ब्रशने झाडून दोन दिवस उन्हात ठेवलं, लव गेली, पट्टा राहिला. खाली बुचाचे तीन पातळ तुकडे चिकटवले, त्यानंतर तक्रार नाही. हे तुकडे मुळातच लावून द्यायला काय हरकत होती?

आता खरं गाऱ्हाणं. पाया घडताना त्याच्या वरच्या तोंडात प्लायवूडचं एक कडं रुतवलं होतं आणि त्या कड्यातून तीन स्क्रूंनी फळी खालून आवळली होती. वरून काहीच दिसत नाही, सुंदर दिसतं. पावसाळ्यात एका रात्री ‘कट्’ असा आवाज आला. सकाळी टॉर्च घेऊन वाकून पाहिलं तर कड्याभोवती केसाएवढी चीर. आठवडाभराने मी टेबल सरकवायला फळीला धरून उचललं आणि फळी कड्यासकट हातात आली. पाया जिथल्या तिथे. कड्याच्या बाहेरच्या काठाला भुशाचा पातळ थर चिकटून आला होता, आणि त्यात पांढरे तंतू तुटलेल्या दोऱ्यांसारखे दिसत होते.

डिझायनरला फोन केला. परत पाठवा, नवा पाया देतो, असं तो भल्या मनाने म्हणाला. पण नव्या पायालाही तेच झालं असतं. म्हणून ओळखीच्या सुतारदादांना बोलावलं. त्यांनी बुरशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फळी उलटी केली, खिशातून टेप काढला आणि दोन दिशांनी माप घेतलं. लाकडाच्या रेषेच्या दिशेने 50 सेंटिमीटर. रेषेच्या आडवं 50 सेंटिमीटर 3 मिलिमीटर. आमची गोल फळी अंडाकृती झाली होती!

“ताई, फळी आडवी फुगते म्हणून भोक लांबट ठेवतात,” ते म्हणाले, “हे तर शिकाऊ पोरालाही माहीत असतं.”

लाकूड दमट हवेत लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. आणि वार्षिक वर्तुळांच्या कडेकडेने जितकं हलतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून कडं हललं नाही. फळीने स्क्रू बाहेर रेटले, स्क्रूंनी कडं रेटलं, आणि कडं ज्यात रुतलं होतं तो मायसेलियमचा ठोकळा दाब सोसतो पण ताण सोसत नाही. वरून मी उभी राहिले असते तरी त्याला काही झालं नसतं. वर ओढलं, आणि तो सुटला.

म्हणजे गवगवा झालेल्या नव्या साहित्याने आपलं काम चोख केलं, आणि सांध्याचं जे जुनं ज्ञान आहे तेच राहून गेलं. यानंतर मी नवनव्या साहित्यातून फर्निचर करणाऱ्या डिझायनरांची कामं वेगळ्या नजरेने बघायला लागले: दोन वस्तू जिथे भेटतात तिथे यांनी काय केलंय? मॅक्स लॅम्बने 2006 मध्ये कॉर्नवॉलच्या समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत स्टुलाचा आकार कोरून त्यात वितळवलेलं प्युटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, ओतलं. एकच ओत, सांधा नाहीच. योरिस लारमनची त्याच सालची ‘बोन चेअर’ हाडाच्या वाढीच्या गणितावर बेतलेली आहे आणि ॲल्युमिनियममध्ये ओतलेली आहे. मार्क न्यूसनने उलटं केलं: ‘लॉकहीड लाउंज’मध्ये फायबरग्लासवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकले आणि रिव्हेट उघडे ठेवले. सांधे लपवायच्या भानगडीत तो पडलाच नाही. सेबॅस्टियन कॉक्स आणि निनेला इव्हानोव्हा यांनी 2017 मध्ये लाकडाच्या पातळ पट्ट्या विणून त्यांच्यातच मायसेलियम वाढवलं, म्हणजे बांधायचं कामही बुरशीलाच दिलं. माझ्या डिझायनरने हे काम पाहिलं असतं तर स्क्रूच्या वाटेला गेला नसता, असं मला उगाच वाटतं.

आणि तिसरी वाट, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखी कडक होणारी कृत्रिम राळ. मार्सेल वांडर्सची 1996 ची दोरीची खुर्ची झोळीसारखी मऊ दिसते, पण दोरी इपॉक्सीत भिजवून, टांगून कडक केलेली आहे. मार्टेन बासने 2002 मध्ये जाळून काळं केलेलं फर्निचर इपॉक्सीने पक्कं केलं, नाहीतर बसणाऱ्याच्या कपड्यांना कोळसाच लागला असता. यात कमीपणा काही नाही. फक्त ‘संपूर्ण नैसर्गिक’ असं कोणी सांगितलं की चिकटवलंय कशाने, हे विचारायची मला आता सवय लागली आहे.

कारण आमच्या टेबलातही शेवटी तेच गेलं. सुतारदादांनी कडं इपॉक्सीने परत बसवलं, तिन्ही भोकं रेषेच्या आडवी लांबट केली, स्क्रूखाली मोठे वॉशर घातले आणि स्क्रू आवळून परत पाव फेरा सैल सोडले. अर्ध्या तासाचं काम. तेव्हापासून चार महिने झाले. हवा कोरडी झाल्यावर फळी परत 50 सेंटिमीटर 1 मिलिमीटरवर आली, आणि चीर आहे तेवढीच आहे. पेन्सिलने तिच्या टोकाला खूण केली आहे, दर पंधरवड्याला बघते.

घ्यावं का? घरात रांगतं मूल असेल किंवा फरशी रोज बादलीने धुतली जात असेल तर नको. बाकीच्यांनी घ्यावं, पण आधी टेबल उलटं करून दाखवायला सांगावं. खालची बाजू दाखवायला जो कां-कूं करेल त्याच्याकडून घेऊ नये. माझ्या डिझायनरने त्यानंतर साच्यात बदल केला, लांबट भोकांचा फोटो मला पाठवला, आणि खाली बुचाचे तुकडेही लावायला लागला आहे.

पाहुणे अजून नख लावतातच. त्या एका जागी साय निघून भुसा दिसायला लागला आहे, म्हणून ती बाजू आता भिंतीकडे केली आहे.