क्वांट व्हायचंय : स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस घ्यावा की टाइम सिरीज?

क्वांट, म्हणजे गणिताच्या जोरावर वित्तबाजारात काम करणारा विश्लेषक, व्हायचं ठरवलं आणि शेवटच्या वर्षात ऐच्छिक विषयाची एकच जागा उरली, की बहुतेक जण नावाच्या रुबाबावर स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिकपणे हलणाऱ्या राशींचं कलनशास्त्र) घेतात. विषय दमदार आहेच. ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या किमतीला खरेदी-विक्री करण्याच्या हक्काची, किंमत काढणारं १९७३चं ब्लॅक-शोल्स सूत्र समजून घ्यायचं तर जपानी गणितज्ञ कियोशी इतोंचं हेच गणित लागतं. शेअरची किंमत भूमितीय ब्राउनियन गतीने (टक्केवारीतले बदल यादृच्छिक) हलते असं धरलं, तर तिच्या लॉगरिदमच्या वाढीच्या दरातून सिग्माच्या (चढउताराच्या मापाच्या) वर्गाचा अर्धा भाग का वजा होतो, हा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. बँकेत डेरिव्हेटिव्हच्या (ऑप्शनसारख्या करारांच्या) किमती काढणाऱ्या किंवा मॉडेल तपासणाऱ्या गटात जायचं असेल, तर दुसरा विचारच नको.

पण मुंबईतल्या ट्रेडिंग फर्मवर नजर असेल तर जरा थांबा. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे मुदत संपतानाच बजावता येणारे. त्यांच्या किमतीला तयार सूत्र पुरतं. खरी डोकेफोड व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउताराची तीव्रता, पुढे कशी हलेल याची, आणि ते टाइम सिरीजच्या (काळाच्या ओघात नोंदलेल्या आकड्यांच्या अभ्यासाच्या) वर्गात शिकवतात. बाजारात मोठ्या हालचालींमागे मोठ्याच हालचाली येतात. रॉबर्ट एंगल यांनी १९८२मध्ये आर्च मॉडेलात ते पकडलं आणि २००३मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या विषयाचा आणखी एक फायदा म्हणजे तो शहाणं करतो. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन रँडम वॉक (प्रत्येक पाऊल यादृच्छिक असलेल्या मालिका) घ्या, एकावर दुसऱ्याचं रिग्रेशन लावा, म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारी रेषा बसवा. रेषा किती चपखल बसली हे सांगणारा आर-स्क्वेअर बऱ्याचदा झकास येतो. हे स्वतः करून पाहिलेला मुलगा बॅकटेस्टचा (जुन्या डेटावर घेतलेल्या चाचणीचा) चढता आलेख बघून हुरळत नाही.

आणि तिसरा पर्याय, आंशिक विकलक समीकरणं? ब्लॅक-शोल्सचं समीकरण चल बदलून उष्णतेचं समीकरण होतं, एवढं कळलं की सध्या पुरे.

संभाव्यता आणि लिनिअर अल्जेब्रा कच्चे असतील तर मात्र दोन्ही विषय बाजूला ठेवून आधी तेच पक्के करा. प्रोग्रामिंगही त्यातच धरा. माँटे कार्लोत (यादृच्छिक नमुने काढून उत्तराचा अंदाज घेण्याच्या पद्धतीत) अचूकतेचं एक दशांश स्थळ वाढवायला शंभरपट नमुने लागतात, हे कोड लिहून बघितल्याशिवाय अंगी भिनत नाही.

माझा कौल टाइम सिरीजला. अट एकच : नाव नोंदवण्याआधी मागच्या वर्षीच्या असाइनमेंट मागून घ्या. त्यात खरा डेटा कुठेच नसेल, नुसत्या व्याख्या आणि सिद्धता असतील, तर सरळ स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस घ्या. सिद्धताच करायच्या तर त्या इतोंच्या तरी असू देत.