नव्या सबडिव्हिजनमधलं घर आणि एनएफआयपीचा पूरविमा: घ्यावा का, किती घ्यावा

अमेरिकेत नव्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बिल्डरने उभारलेल्या घरांच्या वसाहतीत, घर बघायला गेलं की बिल्डरच्या सेल्स ऑफिसात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "हे घर फ्लड झोनमध्ये नाही, पूरविम्याची गरज नाही." यातला पहिला भाग बहुधा खरा असतो, पण दुसरा त्यातून निघत नाही. पूरनकाशावरच्या ए आणि व्ही या जास्त जोखमीच्या झोनमधल्या घरावर कर्ज देताना बँकेला पूरविमा मागावाच लागतो, कमी जोखमीच्या एक्स झोनमध्ये मागावा लागत नाही. झोनवरून कळतं ते एवढंच. आणि नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत पुराचं नुकसान मुळातच वगळलेलं असतं. त्यामुळे प्रश्न येतो तो फेमा या केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमचा, म्हणजे एनएफआयपीचा.

ही योजना १९६८च्या कायद्याने आली. पॉलिसीवर खासगी विमा कंपनीचं नाव असलं तरी दर फेमा ठरवते. एकाच घराला, एकाच कव्हरला दहा एजंटांकडे विचारलं तरी आकडा तोच यायला हवा. वेगळा आला तर कुणीतरी घराची माहिती चुकीची भरली आहे, बहुतेक वेळा पायाचा प्रकार किंवा पहिल्या मजल्याची उंची. म्हणून स्वस्त एजंट शोधत बसू नका, पुराचे क्लेम हाताळलेला एजंट शोधा.

आधी नकाशा. फेमाच्या मॅप सर्व्हिस सेंटरवर पत्ता टाकला की पॅनल, म्हणजे त्या भागाच्या पूरनकाशाचं पान, उघडतो. झोनचं अक्षर सगळेच बघतात, पण त्याआधी पॅनलची तारीख बघा. नकाशा झाला तेव्हा तुमच्या गल्लीच्या जागी शेत असेल, तर त्यातलं पाण्याचं गणित शेताचं आहे. आता तिथे छपरं, रस्ते आणि ड्राइव्हवे आहेत. पाणी मुरायची जागा गेली आणि तेच पाणी कमी वेळात खाली पोचतं. शिवाय हे नकाशे प्रामुख्याने नद्या, ओढे आणि समुद्र यांचा पूर दाखवतात. दोन तासांत कोसळलेल्या पावसाने रस्त्यावर तुंबलेलं पाणी त्यात सहसा नसतं. झोनची रेषा ओढली जाते ती दरवर्षी १ टक्का शक्यता असलेल्या पुरावर. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत त्या पुराची किमान एकदा गाठ पडण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते, आणि त्याहून मोठे पूर रेषा ओलांडतातच.

काही प्लॉट मुळात ए झोनमध्ये असतात. बिल्डर मातीचा भराव घालून ते उंच करतो आणि फेमाकडून लोमार-एफ नावाचं, भरावामुळे प्लॉट ए झोनबाहेर गेल्याचं पत्र मिळवतो. मग बँकेची सक्ती उठते. भराव चांगला दाबलेला आणि पुरेसा उंच असेल तर घराला खरोखर फायदा होतो, हे मान्य. पण आजूबाजूची जमीन तशीच राहते, आणि पूर्वी त्या खड्ड्यात साचणारं पाणी आता शेजारच्या सेक्शनकडे वळतं. तुमचं घर त्या शेजारच्या सेक्शनमध्ये असू शकतं, हे विसरू नका.

२०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळात ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर या जलाशयांच्या वरच्या अंगाची घरं बुडाली. ती जलाशयाच्या फुगवट्याच्या क्षेत्रातच बांधलेली होती. फोर्ट बेंड काउंटीतल्या काही सबडिव्हिजनच्या प्लॅटवर, म्हणजे प्लॉटच्या नोंदणीकृत आराखड्यावर तर ही जागा नियंत्रितपणे पाण्याखाली जाऊ शकते, अशी टीप छापलेली होती. घराच्या कागदपत्रांत प्लॅट शोधून त्यावरच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ काढाच.

मग प्लॉटवर जा, शक्यतो जोराच्या पावसानंतर लगेच. घरासमोर रस्त्याचा सर्वांत खोल भाग आणि तिथेच पावसाळी जाळी असेल, तर जाळी तुंबल्यावर पाणी पहिलं तुमच्या ड्राइव्हवेवर चढणार. प्रकल्पाचे पुढचे टप्पे बांधून होईपर्यंत उघड्या मातीचा गाळ याच जाळ्यांत जातो, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं जास्त जोखमीची. पायाच्या भोवतीची जमीन पहिल्या १० फुटांत ६ इंच उतरती असावी, असा निवासी बांधकाम संहितेचा नियम आहे. दोन घरांमधली उथळ चर, म्हणजे स्वेल, मोकळी आहे का ते बघा. शेजाऱ्याने तिच्यावर काँक्रीट पॅटिओ ओतला किंवा कुंपण जमिनीला टेकवलं की तिचा उपयोग संपतो. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिल्डरकडे ग्रेडिंग प्लॅन, म्हणजे जमिनीच्या उंची-उताराचा आराखडा, मागा आणि दोन आकडे शेजारी ठेवा: तुमच्या तयार फरशीची पातळी आणि डिटेन्शन पाँड (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारं तळं) ज्या पातळीला भरून वाहू लागतो ती पातळी. फरक दोन-चार इंचांचाच असेल तर विमा घ्या, आणखी विचार करायची गरज नाही. त्या तळ्याची देखभाल एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, करते की दुसरी कुठली संस्था, हेही विचारून ठेवा.

आता पॉलिसी. एकेका कुटुंबाच्या घरासाठी इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानाला कमाल १,००,००० डॉलर. सामानाचं कव्हर वेगळं मागावं लागतं, ते आपोआप येत नाही. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपण स्वतः सोसायचा वाटा, तोही दोन्हींना वेगवेगळा कापला जातो. तुम्ही स्वतः राहता ते घर पुनर्बांधणीच्या खर्चाच्या किमान ८० टक्के रकमेला, किंवा मिळू शकणाऱ्या कमाल रकमेला विमित असेल, तर इमारतीची भरपाई नव्या किमतीने मिळते. सामानाची भरपाई मात्र नेहमी घसारा वजा करूनच. आठ वर्षं जुन्या सोफ्याचे फारसे पैसे येत नाहीत. दागिने, कलावस्तू वगैरे सगळं मिळून २,५०० डॉलर. रोख रक्कम अजिबात नाही.

बेसमेंट ही या पॉलिसीची सर्वांत दुबळी बाजू. चारही बाजूंनी जमिनीखाली असलेल्या मजल्यात फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनल, संप पंप (साचलेलं पाणी उपसणारा), वॉशर, ड्रायर, फ्रीझर अशा मोजक्याच गोष्टी धरल्या जातात. कार्पेट, लाकडी फरशी, सोफे, होम थिएटर यांना काही नाही. बेसमेंट सजवण्यावर मोठा खर्च केला असेल तर एनएफआयपीवर विसंबू नका, खासगी पूरविम्याचं कोटेशन घ्या. खासगी पॉलिसीत मर्यादा वाढवून मिळू शकते आणि काहींमध्ये घराबाहेर राहण्याचा खर्चही असतो. एनएफआयपी तो देत नाही, आणि घर वाळवून दुरुस्त होईपर्यंत महिनेच्या महिने भाडं भरणाऱ्या कुटुंबाला हे फार जड जातं. खासगी पॉलिसीची उलट बाजू अशी की कंपनी पुढच्या वर्षी नूतनीकरण नाकारू शकते.

"पूर" या शब्दाची व्याख्याही नीट वाचा. एरवी कोरडी असणारी दोन एकर जमीन, किंवा तुमच्यासह किमान दोन मालमत्ता पाण्याखाली जायला हव्यात. संप पंप बंद पडून एकट्या तुमच्या बेसमेंटमध्ये पाणी आलं किंवा गटार उलटलं, तर ते यात बसत नाही. त्यासाठी होमओनर्स पॉलिसीला वॉटर बॅकअप नावाच्या जादा कव्हरची जोड घ्यावी, ती या विम्यापेक्षा स्वस्त पडते. कुंपण, डेक, बागकाम आणि स्विमिंग पूलही बाहेरच. गाडीसाठी ऑटो पॉलिसीतलं काँप्रिहेन्सिव्ह हवं.

दराची पद्धत २०२१च्या ऑक्टोबरपासून बदलली. रिस्क रेटिंग २.० मध्ये झोनऐवजी पाण्यापासूनचं अंतर, पुनर्बांधणीचा खर्च, पाया आणि पहिल्या मजल्याची उंची मोजतात. एलेव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीचा मोजणी दाखला, आता सक्तीचं नाही, पण घर उंचावर असेल तर ते दिल्याने हप्ता कमी होऊ शकतो. नव्या घरात बिल्डरने सर्व्हेअरकडून ते आधीच करून घेतलेलं असण्याची शक्यता असते, म्हणून मागून बघा. राहतं घर नसेल तर वर्षाला २५ ऐवजी २५० डॉलर अधिभार लागतो.

आमचा कौल असा. स्लॅबवरचं घर, सपाट प्रदेश आणि पुढचे टप्पे बांधायचे बाकी असतील तर इमारत आणि सामान दोन्ही घ्या, झोन कोणताही असो. टेकाडाच्या माथ्यावरचं घर, चारी बाजूंनी उतार आणि बेसमेंट नाही, अशा ठिकाणी मोठं डिडक्टिबल ठेवून फक्त इमारतीचं कव्हर घेणं पटण्यासारखं आहे. तिथे अजिबात न घेणाऱ्याला आम्ही चुकीचं म्हणणार नाही, फक्त त्याच्याकडे दुरुस्तीपुरती शिल्लक हवी. एक इंच पाण्यानेही २५,००० डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकतं, असं फेमा सांगते.

घ्यायचं ठरलं तर क्लोजिंगआधी, म्हणजे खरेदीच्या सह्या होऊन घर नावावर होण्याआधी. एरवी पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस जातात, पण गृहकर्जाच्या व्यवहाराबरोबर अर्ज आणि हप्ता क्लोजिंगपर्यंत पोचला तर ती त्याच दिवसापासून लागू होते. रोखीने घर घेणाऱ्याला ३० दिवस थांबावंच लागतं. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी प्रत्येक खोलीचे, फर्नेस आणि वॉटर हीटरवरच्या सीरियल नंबरचे फोटो काढा आणि ते घराबाहेर कुठेतरी साठवा. नुकसान झाल्यावर शपथेवर सही केलेलं प्रूफ ऑफ लॉस, म्हणजे नुकसानाचं दावापत्र, ६० दिवसांत द्यावं लागतं, आणि भिजलेलं कार्पेट फेकण्याआधी त्याचा फोटो आणि हातभर तुकडा ॲडजस्टरसाठी (विम्यातर्फे नुकसान तपासणाऱ्यासाठी) राखून ठेवावा लागतो.