टिकट टू राईड: भुसावळच्या घरात रोज रात्री लागणारा डाव

मे महिन्यात आमच्या भुसावळला दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नसते, पोरं दिवसभर घरात आणि मोबाईलवरून रोजची कटकट, म्हणून यंदा सुट्टी लागायच्या आधीच टिकट टू राईड हा बोर्ड गेम मागवला. तेव्हापासून जवळजवळ रोज रात्री जेवणं उरकली की डाव लागतो, म्हणून म्हटलं नीट लिहावं.

गेम तसा जुना, 2004 चा, अॅलन मून यांनी बनवलेला, त्याच वर्षी जर्मनीतलं श्पिल देस यारेस हे मोठं बक्षीस पण मिळालंय त्याला. अमेरिकेचा नकाशा, प्रत्येकाला आगगाडीचे 45 छोटे प्लॅस्टिकचे डबे, आणि हातात लपवून ठेवायची तिकिटं, म्हणजे या गावापासून त्या गावापर्यंत रेल्वेची लाईन जोडायची. पाळी आली की एकच काम, रंगीत पत्ते उचला, नाहीतर लाईनीच्या रंगाचे जमलेले पत्ते टाकून तिथं आपले डबे ठेवा, की लाईन तुमची, नाहीतर नवी तिकिटं घ्या, बस. धाकटी आठ वर्षांची आहे, तिला एका डावात समजलं. पण पत्ते जमवत बसलं की तेवढ्यात दुसरा लाईन पटकावतो, घाईने टाकली तर सगळ्यांना कळतं तुम्ही कुठं निघालात, आणि तिकीट अर्धवट राहिलं की त्याचे पॉईंट वजा! इथं डोकं लागतं.

आमचे सासरे, घरात सगळे आप्पाच म्हणतात, रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी पेपर आणि बातम्या एवढंच. पहिल्या दिवशी लांबून बघत होते, मग खुर्ची ओढून बसले आणि नकाशावरच्या हेलेनावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाय, इथून सात लाईनी निघून राह्यल्या, हे आपलं भुसावळ." तेव्हापासून हेलेना कोणी घेतलं की पोरं ओरडतात, भुसावळ गेलं!

एक डाव तर मी विसरणार नाही. मोठ्याकडे सॅन फ्रान्सिस्को ते अटलांटा तिकीट, 17 पॉईंटचं, गडी नॅशव्हिलपर्यंत पोचला, फक्त एक डबा टाकायचा बाकी, आणि धाकटीने नेमका तिथंच आपला डबा ठेवला. पोराचा चेहरा एवढुसा झाला, पत्ते खाली ठेवून उठायलाच निघाला. आप्पांनी हात धरून बसवलं, "अरे बापू, ब्लॉक लागला तं गाडी उभी राहाते का? डायव्हर्ट कर." नॅशव्हिलहून रॅली, रॅलीहून अटलांटा, एका डब्याच्या जागी पाच डबे, त्यातले तीन काळे पत्ते लागतात. पुढच्या चार-पाच पाळ्या तो काळ्या पत्त्यासाठी श्वास रोखून बसला होता, आणि जमलं! डाव आप्पांनी जिंकला पण पोरगा रात्री झोपेपर्यंत तेच सांगत होता.

आता तक्रारीचं. स्वस्त नाहीये, आणि ज्या ऑनलाईन विक्रेत्याकडून घेतला त्याने खोक्याचा कोपरा चेपलेला पाठवला, आतले दोन पिवळे डबे पण कमी. खोक्यात प्रत्येक रंगाचे तीन डबे जास्तीचे असतात म्हणून निभावलं, पण आल्या आल्या मोजून घ्या. गावांची नावं इंग्रजीत बारीक आहेत, आप्पांना चष्मा लावूनही त्रास होतो, तिकीट हातात आलं की आधी गाव शोधण्यातच वेळ जातो. खोक्यावर तासाभराचा खेळ लिहिलंय, आमच्याकडं आरामात दीड तास. आणि कूलरसमोर बसू नका, पत्ते सगळ्या घरभर उडतात, आम्ही कूलरचं तोंड भिंतीकडं करतो.

दोघांतही खेळता येतो, पण मला तरी चौघांत जास्त रंगतो, लाईनींवरून खरी ओढाताण तेव्हाच. हे ड्युटीवरून लवकर आले तर पाच, त्याच्यापेक्षा जास्त नाही.

आप्पांना आता भारताचा नकाशा हवाय. तो वेगळा मिळतो, एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड, पण त्यात डबे आणि पत्ते येत नाहीत, म्हणून घेणार असाल तर आधी हा मूळ खोकाच घ्या.