व्हिएन्ना की बुडापेस्ट? आधी आपला ग्रुप ओळखा

जोडून सुट्टी आली, सगळ्यांच्या रजाही जमल्या आणि आता घोडं अडलंय ते 'व्हिएन्ना की बुडापेस्ट' यावर. एक ऑस्ट्रियाची राजधानी, दुसरी हंगेरीची; दोन्ही शहरं डॅन्यूब नदीच्या काठची, दोन्हींवर हाब्सबुर्ग राजवटीची छाप, आणि थेट रेल्वेने एकमेकांपासून साधारण पावणेतीन तासांवर. फोटो बघून निकाल लागणार नाही, कारण फोटोत दोन्ही देखणीच दिसतात. त्यापेक्षा एक गोष्ट ठरवा: तुम्ही सकाळी पांगून संध्याकाळी भेटणारे आहात, की तीन दिवस एकमेकांना चिकटून राहणारे? पांगणाऱ्यांनी व्हिएन्ना घ्यावं, चिकटून राहणाऱ्यांनी बुडापेस्ट.

व्हिएन्नाचं वैभव आवडीनिवडीवर बेतलेलं आहे. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. एखादा त्या दालनात तासभर हरवून जाईल आणि बाकीचे दहाव्या मिनिटाला 'चला ना' सुरू करतील. क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र पाहायला वरच्या बेल्व्हेडेअर राजवाड्यात जावं लागतं, तर श्योनब्रुन राजवाडा शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे 1,441 खोल्या आहेत. त्यातल्या मोजक्याच पाहायला मिळतात, पण बागेसह अर्धा दिवस जातोच. ज्याला यातलं काहीच नको, तो प्राटर या करमणूक उद्यानात जाऊन 1897 च्या अवाढव्य पाळण्यात बसू शकतो. सहा जणांना एकाच दोरीने बांधून हे सगळं दाखवायला गेलात, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणीतरी रुसलेलं असेल. मेट्रो मात्र इतकी भरवशाची आहे की पांगणं अजिबात जड जात नाही. शुक्रवारी, शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री ती रात्रभर धावते.

संध्याकाळी एकत्र यायचं तर ऑपेरा. स्टाट्सओपर या सरकारी ऑपेरागृहात उभं राहून ऐकायच्या जागा बसण्याच्या मानाने फारच स्वस्त असतात. पण तीन तास उभं राहायची तयारी सगळ्यांची हवी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथला हंगाम बंद असतो. कॅफेत बसणं हा त्याहून सोपा मार्ग. एका कॉफीवर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही. फक्त मोठ्या टोळक्याला एकत्र टेबल मिळेलच असं नाही.

आता बुडापेस्ट. इथल्या उत्तम गोष्टींसाठी आवडनिवड लागतच नाही. सेचेनी स्नानगृहात (1913 चं) उघड्यावरच्या गरम पाण्यात, 38 अंशांपर्यंतच्या, मानेपर्यंत बुडून गप्पा मारायच्या. शेजारी कुणीतरी पाण्यातच बुद्धिबळ खेळत असतं. यात कुणाला कंटाळा येणार? तिथे पोचवणारी मेट्रोची पिवळी मार्गिकाही 1896 ची आहे, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. रुदाश हे स्नानगृह त्याहून जुनं, सोळाव्या शतकातलं, तुर्की घुमटाखालचं. तिथे आठवड्याच्या काही वारी फक्त पुरुषांना किंवा फक्त स्त्रियांना प्रवेश असतो, त्यामुळे मिश्र ग्रुपने शनिवार-रविवार साधावा. जुन्या प्रवासयाद्यांमध्ये गेल्लेर्ट स्नानगृहाचं नाव दिसेल. ते ऑक्टोबर 2025 पासून नूतनीकरणासाठी बंद आहे.

नदीचंही तसंच. व्हिएन्नाच्या जुन्या शहराला डॅन्यूबचा फक्त कालवा स्पर्श करतो, मुख्य प्रवाह लांबून जातो. बुडापेस्टमध्ये नदी शहराच्या मधोमध आहे, एका काठाला बुडा, दुसऱ्याला पेस्ट, आणि प्रत्येक संध्याकाळ आपसूक तिच्याकडे वळते. पेस्टच्या काठाने धावणारी 2 नंबरची ट्राम पकडा, साखळी पूल चालत ओलांडा, बुडाच्या टेकडीवर चढा, आणि समोर दिव्यांनी उजळलेली संसद. संसद आतून पाहायची असेल तर ठरावीक वेळेच्या फेऱ्या असतात आणि सुट्टीच्या दिवसांत त्या आधीच भरतात. सगळ्यांची तिकिटं एकाने, एकदमच काढावीत. रात्री सातव्या विभागातले पडक्या वाड्यांमधले बार. सिम्प्ला केर्त त्यातला सर्वांत नावाजलेला. मुक्काम मात्र त्या गल्ल्यांमध्ये करू नका, झोप लागणार नाही. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते, पण 6 नंबरची ट्राम रात्रभर असते.

खर्चात बुडापेस्ट हलकं पडतं, पण हिशेब व्हिएन्नात सोपा. तिथे युरो चालतो आणि बिल एकत्र हवं की वेगवेगळं, हे वेटरच विचारतो. बुडापेस्टमध्ये फोरिंट, बिलात सेवाशुल्क बऱ्याचदा आधीच धरलेलं असतं, ते पाहून मगच टिप ठेवा. एटीएमने 'तुमच्या चलनात रक्कम दाखवू का' असं विचारलं तर नाही म्हणा. तो दर नेहमी त्यांच्या फायद्याचा असतो.

ज्या मुद्द्याकडे कुणी बघत नाही, तो रविवारचा. ऑस्ट्रियात रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकानं बंद असतात. म्हणजे सुट्टी रविवारला लागून आली तर सलग दोन दिवस शटर खाली. रेल्वे स्थानकातली काही दुकानं तेवढी उघडी. संग्रहालयं-कॅफे चालू असतात, त्यामुळे उपाशी राहणार नाही, पण खरेदीवाल्यांचा हिरमोड नक्की. हंगेरीत रविवारबंदी 2015 साली आली आणि 2016 मध्ये गेलीही. तिथे रविवारी दुकानं उघडी असतात, राष्ट्रीय सुट्टीला मात्र बंद.

'दोन्ही करूया' म्हणणारा एक तरी ग्रुपमध्ये असतोच. तीन दिवसांत त्याचं ऐकू नका. गाडीत पावणेतीन तास लागत असले, तरी सहा जणांचं सामान, स्टेशन आणि नवीन खोली धरली तर दिवसाचा कणाच मोडतो. चार दिवस असतील तर शुक्रवार-शनिवार व्हिएन्नात काढून रविवारी सकाळी बुडापेस्टची गाडी धरा, म्हणजे बंद दुकानांचा दिवस प्रवासात जाईल. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात, असल्याने व्हिसा एकच पुरतो. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्या देशाकडे.