पंपाखाली पॅकिंग की लाइनीत रेग्युलेटर?

टाकीतून इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप नवा बसवला आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो व्हायला लागला, ही तक्रार प्रीमियर पद्मिनीवाल्यांत आता नेहमीची झाली आहे. मूळ पंप होता तोवर माझ्या सोलेक्स कार्बोरेटरने कधी कुरकुर केली नाही. हल्ली मिळणारे पंप मात्र जरा दांडगेच निघतात. माझ्या १९८६च्या गाडीला नवा पंप लावला आणि पेट्रोलच्या लाइनीत टी-जोड टाकून प्रेशर गेज जोडलं, तर आयडलिंगलाच काटा साडेचार पीएसआयवर. अडीच-तीनपर्यंत कार्बोरेटरची निडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, निमूट बसते, त्यापुढे पेट्रोल तिला उचलायला लागतं. मग सिग्नलला वास, गरम गाडी स्टार्ट करताना सेल्फचा जीव जातो आणि प्लग काढावेत तर काजळी. (आधी निडल-सीट आणि निडल उघडबंद करणारा फ्लोट तपासून घ्या. पुष्कळदा पंप बिचारा निर्दोष असतो.)

प्रेशर उतरवायचे उपाय दोन: लाइनीत रेग्युलेटर, किंवा पंप आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये पॅकिंग. इलेक्ट्रिक पंप मी या तुलनेत धरलेला नाही. त्याला रिले हवा, इंजिन बंद पडलं की पंपही बंद करणारा ऑइल प्रेशर स्विच हवा, आणि मागून चालणारी ती टिकटिक मला झेपत नाही.

मी आधी रेग्युलेटर घेतला, डायल फिरवायचा असतो तो. सोय नाकारता येणार नाही: पाइप कापा, दोन क्लिपा आवळा, आकडा लावा, अर्ध्या तासात हात धुवून चहाला मोकळे. पहिला आठवडा मीही सगळ्यांना तोच घ्या म्हणून सांगत होतो.

मग खंबाटकीच्या चढावर गाडी खोकायला लागली. कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर अडीचवर लावलेला डायल दीडच्याही खाली सरकलेला. पुन्हा लावला. परत येताना वास सुटला, म्हणजे आता उलटीकडे गेलेला. घरी आल्यावर बायकोचं नेलपॉलिश घेऊन डायलवर लाल ठिपका दिला आणि तो चिकटवूनच टाकला. डायल हलायचा थांबला. पण गेज जोडून बघितलं तर गार इंजिनला एक आकडा, तापल्यावर दुसरा, आणि डायलवर छापलेला तिसराच. माझाच नग खराब असेल, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक प्रवासाआधी बॉनेट उघडून त्याची मनधरणी करायची, याचा मला कंटाळा आला. निर्णय तिथेच झाला.

मेकॅनिकल पंपाचं प्रेशर येतं ते डायफ्रॅमच्या (आतल्या लवचीक पडद्याच्या) स्प्रिंगमधून. कॅमशाफ्टचा एक्सेंट्रिक, म्हणजे केंद्राबाहेर फिरणारा उंचवटा, लिव्हरमार्फत डायफ्रॅम फक्त ओढतो, पेट्रोल पुढे ढकलते ती स्प्रिंग. पंप ब्लॉकपासून थोडा लांब सरकवला की ओढ कमी पडते, स्प्रिंग कमी दबते आणि प्रेशर उतरतं. त्यासाठी लागतो तो पॅकिंग पेपर. मिस्त्रीने कागद पंपाच्या फ्लँजवर (बोल्ट बसतात त्या कडेवर) धरला, हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत गेला, आणि कात्री न लावता बोल्टच्या भोकांसकट पॅकिंग सुटून हातात आलं. अशी तीन घातली तेव्हा काटा तीनच्या किंचित खाली आला. पंप आणि ब्लॉकमधला बेकेलाइटचा जाड ठोकळा मात्र काढायचा नाही, ब्लॉकची उष्णता तोच अडवतो. बोरघाटात तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ झाली म्हणून त्यावर ओलं फडकं टाकून उभे राहिलेले टॅक्सीवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

हे काम किचकट आहे हे खरं. दर पॅकिंगला पंप उतरवायचा, गेज बघायचं, परत उतरवायचा. त्यात एका नटापर्यंत पाना पोचता पोचत नाही. आमची अख्खी दुपार गेली. फ्लँज वाकडी असेल तर ऑइल झिरपतं. आणि पॅकिंगचा मोह आवरावा लागतो: जास्त झाली की लिव्हरला पुरेशी ओढ मिळत नाही, चढावर पेट्रोलची उपासमार व्हायची ती होतेच. पण एकदा बसलं की बसलं. दोन पावसाळे झाले, मी पंपाला हात लावलेला नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती. आता मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुन्या रबराचं आणि त्याचं पटत नाही. या रेग्युलेटरमध्येही डायफ्रॅम असतो, म्हणजे फाटायला आणखी एक जागा. पंपाचा डायफ्रॅम फाटण्याची धास्ती आहेच, पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून मी वास घेतो.

तुमचा पंप सहा-सातच्या पुढे मारत असेल, तर नुसत्या पॅकिंगने भागेल असं मला वाटत नाही. तिथे रेग्युलेटरच बरा, फक्त लॉकनटवाला चांगला घ्या आणि डायलपेक्षा गेजवर विश्वास ठेवा. माझा मात्र पान्यांच्या डब्यात पडून आहे, लाल ठिपक्यासकट. एका मित्राने इलेक्ट्रिक पंप बसवायला घेतलाय, तो मागतोय. ठिपका खरवडून देईन म्हणतो.