शाळेतला तास की वस्तीतली अभ्यासिका?

कोल्हापुरात गरीब घरातल्या मुलांना फावल्या वेळात शिकवायचं मनात असेल, तर सरळ दोन वाटा दिसतात. महापालिकेच्या एखाद्या शाळेत आठवड्यातून ठरलेला तास घ्यायचा, नाहीतर राजेंद्रनगर, यादवनगर, कनाननगर अशा वस्तीत संध्याकाळच्या अभ्यासिकेत बसायचं. मी दोन्हीकडं शिकवलंय.

शाळेत मुलं, फळा, हजेरी सगळं जागेवर असतं. महापालिकेची शाळा म्हणजे डावी असं समजू नका. जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पालक गुढीपाडव्याला रांगा लावतात. शिक्षकही मनापासून सांभाळून घेतात, आणि लहान मुलांपुढं उभं कसं राहायचं हे त्यांच्याकडं बघूनच कळतं.

तरी मी तिथून हललो, ते एकाच कारणानं. तास बुडायचा. जयंती, तपासणी, लसीकरण, कसली तरी ऑनलाइन माहिती भरायची. काहीही आलं की बाहेरून येणाऱ्याचा तास पहिला जायचा. शाळेला दोष देत नाही, वरून येणारी कामंच तेवढी असतात. पण पाचवीतली एक मुलगी होती. फळ्यावरचं मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायची आणि ‘वाच’ म्हटलं की पहिल्या शब्दावर बोट ठेवून गप्प. जोडाक्षर आलं की अडायची. शेजारी बसून ‘प्रकाश’मधला ‘प्र’ फोडून दाखवला की तिचा चेहरा खुलायचा, मग पुढचा तास बुडायचा आणि गाडी परत ‘प’वर. याचा मला फार त्रास झाला.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता. आज वस्तीतल्या बहुतेक मुलांचं नाव पटावर आहे. अडलंय ते वाचण्यापाशी, आणि वाचन रोज थोडं थोडं झालं तरच बसतं.

अभ्यासिकेत गैरसोय भरपूर. जागा समाजमंदिराची किंवा तालमीची, त्यामुळं गणपतीत ती सोडावी लागते. ‘सर, पाणी आलंय, जाऊ काय?’ म्हणत निम्मी मुलं घागरी घ्यायला पळतात. थोरली बहीण धाकट्याला मांडीवर घेऊन पाढे म्हणते. आज आलेलं मूल उद्या येईलच असं नाही. पण वर्ग रोज भरतो, आणि दोन दिवस चुकलेल्या मुलाला तिसऱ्या दिवशी आपण तिथं सापडतो. शिवाय इयत्ता बाजूला ठेवता येते. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा पातळ्या करून पाचवीचा मुलगा दुसरीच्या मुलीशेजारी बसवला तर इथं कुणाला वावगं वाटत नाही. भर वर्गात असं बसवलं तर तो दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर जातो.

तिसरी वाटही आहे. दिवाळीनंतर बीड, धाराशिवकडून ऊसतोडीची कुटुंबं कारखान्यांच्या तळावर येतात. तिथं गरज सगळ्यात मोठी, पण मुलं हंगामापुरतीच. रोज जाणं जमणार असेल तरच हात घाला.

तुमची दुपार मोकळी असेल, तुम्ही निवृत्त शिक्षक असाल किंवा एकच विषय, समजा विज्ञानाचे प्रयोग, दाखवायचा असेल, तर शाळाच बरी. एखादा प्रयोग लांबला म्हणून काही अडत नाही. नोकरी करून संध्याकाळी तासभर देणार असाल आणि मूल वाचायला लागलेलं बघायचं असेल, तर माझ्या मते वस्तीत जावं. जूनची वाट बघायची गरज नाही. पहिले काही दिवस धडे सुरू न करता प्रत्येकाकडून चार ओळी वाचून घ्या आणि कोण कुठं अडतंय ते वहीत लिहून ठेवा.